आर्ताची श्रद्धा आणि आपला संशय

आपल्या साहित्यिक बैठकींतून आणि परिसंवादांतून एक विधान अलीकडे फार सहजतेने केले जाते. ते असे की, संकटात सापडलेल्या माणसाने ख्रिस्ताची वाट धरली आणि आपल्याला मनःशांती लाभली असे तो सांगू लागला, तर ती शांती खरी समजू नये; ती आमिषाची, मनाच्या दुबळेपणाची किंवा कोणीतरी केलेल्या दिशाभुलीची निष्पत्ती समजावी. हे म्हणणारे बहुधा सुविद्य असतात, कित्येकदा संतसाहित्याचे अभ्यासकही असतात. पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन महालांत ख्रिस्ती वस्ती थोडी आणि मराठी वाचनाची परंपरा मोठी असल्यामुळे अशा विधानाला सभेत प्रतिवाद होत नाही. मान डोलावल्या जातात आणि पुढचा विषय निघतो. प्रस्तुत लेखकाला हे विधान मान्य नाही. ते ख्रिस्ती धर्मावर अन्याय करते हे तर झालेच. पण त्याआधी ते आपल्याच भक्तिपरंपरेच्या मुळावर घाव घालते, आणि तो घाव आपल्या लक्षातही येत नाही, ही अधिक चिंतेची बाब आहे.

गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्या चौघांत पहिला उल्लेख आर्ताचा आहे. जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी हे त्याच्या मागून येतात. ज्ञानी भक्त श्रेष्ठ ठरविला असला तरी आर्ताला पंगतीतून उठविलेले नाही. चौघांनाही उदार म्हटले आहे. आता तुकोबांचे चरित्र आठवावे. १६२९ ते १६३१ या काळातील भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, दिवाळे निघाले. त्या होरपळीतून निघालेला हा माणूस विठ्ठलाकडे वळला. त्याच्या भक्तीला दुष्काळी भक्ती म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही. संकटाने त्याच्या मनाची माती नांगरली आणि मग त्यात पीक आले, असेच आपण म्हणतो आणि ते बरोबरच आहे. मग हेच दुःख, हाच एकाकीपणा आणि हीच होरपळ सोसलेली एखादी बाई ख्रिस्ताचे नाव घेऊ लागली, की आपण लगेच तिला कोणी काय दिले याची चौकशी करू लागतो. हा न्याय कोणत्या शास्त्राचा?

यावर जे उत्तर येते ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर असे की, तुकोबांवरचा दुष्काळ पांडुरंगाच्या पुजाऱ्यांनी आणला नव्हता. गोव्यात मात्र ज्यांनी संकट आणले त्यांनीच सांत्वनही आणले. डिचोलीच्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. नार्वेच्या श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात ते देऊळ पाडले गेले, देव नदी ओलांडून भतग्रामात, म्हणजे आजच्या डिचोलीत, आणला गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्याचे देऊळ उभे राहिले. त्याच देवळाचा २०२३ साली झालेला जीर्णोद्धार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला. १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशन, मधला थोडा काळ वगळता, १८१२ पर्यंत गोव्यात टिकले. अ. का. प्रियोळकरांसारख्या संशोधकाने त्या न्यायासनाचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला आहे. जुन्या काबिजादीत ज्याची शेती, ज्याचे अनाथ मूल आणि ज्याचे घरचे देव राज्यकर्त्यांच्या हुकुमाखाली गेले, त्याच्या ओठांवर आलेल्या शांतीच्या शब्दाकडे संशयाने पाहणे हा इतिहासाचा द्वेष नव्हे. तो संशय रास्त आहे.

परंतु रास्त संशयालाही प्रदेश असतो आणि काळ असतो. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीज सत्तेखाली आले ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. पेडणे तर १७८८ साली. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि नव्या काबिजादीतल्या प्रजेचे धर्माचार आणि रीतिरिवाज राखण्याची हमी राज्यकर्त्यांनी दिली होती. म्हणून आपल्याकडील देवळे जाग्यावर राहिली, म्हणून दिवाडीचा देव आपल्याकडे आश्रयाला येऊ शकला. ज्या भूमीला धर्मछळाची झळ इतरांपेक्षा कमी लागली, त्या भूमीने दुसऱ्याच्या श्रद्धेकडे अधिक मोकळेपणाने पाहावे अशी अपेक्षा करणे चुकीचे ठरू नये. प्रत्यक्षात आपण साष्टी-बार्देशच्या जखमा उसन्या घेतो आणि त्या आजच्या हरमलच्या किंवा डिचोलीच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला दाखवितो.

आणि त्या जुन्या काबिजादीतही सगळेच एका रंगात रंगविता येत नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' घ्या. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, आणि १६१६ साली त्याचे पुराण राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. तो का लिहिला गेला याचे कारण ग्रंथातच आरंभी आले आहे, आणि माझ्या मते सगळ्या गोमंतकीय मराठी साहित्यात इतका हृदयस्पर्शी प्रसंग क्वचितच सापडेल. साष्टीत एका रविवारी ख्रिस्ती शिकवणीचा पाठ चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूपुढे गाऱ्हाणे मांडतो. त्याचा आशय असा की, आमची जुनी पुराणे तुम्ही आम्हांला वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी वाचावयाला आम्हांला काहीतरी द्या.

हा प्रसंग दोन अंगांनी वाचावा लागतो. एक अंग आरोपपत्राचे आहे: या माणसाचे पुराण कोणी हिरावून घेतले ते येथे स्पष्ट दिसते. दुसरे अंग तितकेच खरे आहे. ज्याचे पुराण गेले तो माणूस तांदूळ मागत नाही, नोकरी मागत नाही, सरकारी सवलत मागत नाही. संध्याकाळी दिव्यापाशी बसून चार माणसांत म्हणता येईल अशी कथा मागतो, आणि ती आपल्या भाषेत, आपल्या छंदात मागतो. ही मागणी आर्ताची आहे. स्टीफन्सने ती ऐकली; स्वर्गाला वैकुंठ म्हटले, ओवीचा छंद घेतला आणि ख्रिस्ताच्या जन्माची, यातनांची आणि मरणाची कथा या मातीतल्या शब्दांत सांगितली. ख्रिस्ती सिद्धान्ताची प्रश्नोत्तरी त्याने कोकणीत लिहिली आणि पुराण मराठीत, ही गोष्ट भाषावादाच्या उभय पक्षांनी जरा शांतपणे लक्षात घ्यावी. पुराण म्हटले की गोंयकाराच्या कानाला कोणती भाषा हवी होती हे त्या परदेशी माणसाला ओळखता आले.

पुढे याच राज्यसत्तेने ती भाषाही नकोशी मानली. १६८४ साली काउंट आल्व्होर या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेऐवजी तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा वापरात आणावी असे फर्मान काढले. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ राहिला तो हस्तलिखितांत, आणि १९०७ साली तो पुन्हा छापला गेला तो गोव्यात नव्हे, मंगळुरात. हाताने नकला करून, पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपून ज्यांनी तो वाचविला त्यांना कोणतेही आमिष नव्हते. ज्या ग्रंथापासून काही मिळत नाही त्याची अकरा हजार ओव्यांची नक्कल कोणी फावल्या वेळची गंमत म्हणून करीत नसते.

आता आपले वर्तन पाहू. मराठीच्या कोणत्याही मेळाव्यात स्टीफन्सचे नाव निघते, आणि निघते ते एकाच कारणासाठी. त्याने मराठी भाषेची थोरवी गाइली त्या चार-पाच ओव्या आपल्याला पाठ आहेत. त्या फलकावर लिहिल्या जातात, निमंत्रणपत्रिकेवर छापल्या जातात, सूत्रसंचालक त्यांनी कार्यक्रमाचा आरंभ करतात. उरलेल्या ओव्यांचे काय? १९५६ साली शांताराम बंडेलूंनी देवनागरीत संपूर्ण ग्रंथ आणला. १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांनी गद्यानुवादासह आणखी एक आवृत्ती सिद्ध केली. म्हणजे ग्रंथ दुर्मीळ आहे ही सबब संपली आहे. तरीही आपण स्टीफन्सकडून भाषेचे प्रशस्तिपत्रक घेतो आणि तो ज्यासाठी लिहीत होता तो विषय निघाला की घड्याळाकडे पाहतो. एखाद्या पाहुण्याने यजमानीणबाईंच्या रांगोळीचे कौतुक केले म्हणून त्याला घरात घ्यावे आणि तो स्वतःचे दुःख सांगू लागताच दार दाखवावे, तसा हा प्रकार आहे. मराठी ही जर केवळ हिंदूंच्या सांत्वनाची भाषा असेल, तर तिच्या थोरवीची साक्ष पाद्र्याकडून काढण्याचा आपल्याला अधिकार नाही.

ख्रिस्ती श्रद्धेतून मिळणारी शांती म्हणजे नेमके काय, हे मराठीत ज्यांनी स्वानुभवाने सांगितले त्यांच्याकडे वळल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. पंडिता रमाबाईंचे आयुष्य संकटांच्या मोजदादीतच निघाले असते. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील गेले, बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. हाती एक तान्ही मुलगी. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'दुःखाने खचलेली विधवा मिशनऱ्यांच्या जाळ्यात सापडली' हे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. पण वस्तुस्थिती काय सांगते? बाप्तिस्म्यानंतर याच विधवेने तेथील भगिनींशी पत्रव्यवहारात असा वाद घातला की त्या थक्क झाल्या. आपली सदसद्‌विवेकबुद्धी कोणत्याही धर्मगुरूच्या हाती सोपविण्यास त्यांनी साफ नकार दिला. आणि १९०७ साली आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा की, बाप्तिस्म्याने मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला आणखी आठ वर्षे लागली. जाळ्यात सापडलेले पाखरू असे बोलत नसते. शांती विकत मिळाली असती तर ती पहिल्याच दिवशी मिळाली असती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणले. मनःशांती म्हणजे डोळे मिटून बसणे, ही आपली समजूत या बाईंच्या चरित्रापुढे टिकत नाही.

टिळक दांपत्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि म्हणून अधिक उपयोगाची. नारायण वामन टिळक हे आर्त नव्हते, जिज्ञासू होते. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने दिलेल्या नव्या कराराने त्यांचे मन ओढले आणि १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आर्त होत्या लक्ष्मीबाई. आणि त्यांच्यावर कोसळलेले संकट हे त्या बाप्तिस्म्याचेच होते. नवरा जिवंत असून घर मोडले, सोवळेओवळे पाळीत नातलगांच्या आश्रयाने वर्षे काढावी लागली. ख्रिस्ती धर्माने त्यांना दुःखातून सोडविले असे म्हणण्याची सोयच नाही. दुःखाचे निमित्तच तो होता. त्या १९०० साली ख्रिस्ती झाल्या, पण 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की त्यांचे मन प्रथम वळले ते कोणत्या प्रार्थनासभेत नव्हे. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या, आणि उत्तर सापडल्यावर पाण्याचा आणि पंक्तीचा विटाळ त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला. त्यानंतर आलेली शांती ही कोणाची देणगी होती? मिशनची तर नव्हतीच. टिळक स्वतःही तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे सांगत, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा ठेवली. परकी शांती, परकी श्रद्धा ही विशेषणे येथे कोणाला लावावयाची?

येथे दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. हल्ली शांतीचे जे फिरते दुकानदार दिसतात, त्यांच्याशी स्टीफन्सचा किंवा रमाबाईंचा संबंध जोडणे हा त्या दोघांचा अपमान आहे. आमच्याकडे या म्हणजे कर्ज फिटेल, गाठ विरघळेल, मुलाचा व्हिसा होईल, असे सांगणारा मनुष्य ख्रिस्ताचे नाव घेत असला तरी तो सौदा करीत असतो. ताईत विकणाऱ्या आपल्याकडच्या बुवाचा तो सख्खा भाऊ. शुभवर्तमानात ख्रिस्त आपल्या शिष्यांना शांती देऊन जातो ती रात्र त्याच्या अटकेची आहे. त्यानंतर थोड्याच वेळात बागेत तो स्वतः व्याकूळ होऊन प्याला टळावा अशी प्रार्थना करतो, आणि प्याला टळत नाही. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेले शांतीचे पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे. ज्याला या कथेतून संकटनिवारणाची हमी काढता येते त्याने ती वाचलेलीच नाही. येथे मिळते ती फक्त एक सोबत: दुःख सोसणारा देव आपल्या दुःखात आपल्यापाशी बसला आहे, ही जाणीव. ती कोणाला पुरते, कोणाला पुरत नाही. पण तिच्यात फसवणूक नाही, कारण तिने काही कबूलच केलेले नाही.

डिचोलीला गेल्या काही वर्षांत संकट म्हणजे काय ते नव्याने सांगावे लागत नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या, पुढे चालू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १६ मार्च २०१८ पासून पुन्हा थांबल्या. बँकेचे कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. पुढे काही पट्टे लिलावाने सुरू झाले तरी मधल्या वर्षांत ज्या घरांची घडी विसकटली ती तशीच बसली नाही. पेडण्यात मोपाच्या विमानतळासाठी पठारावरच्या जमिनी गेल्या. कोणाला मोबदला मिळाला, कोणाची काजूची झाडे गेली. मग महामारी आली, आणि मृताच्या उशाशी ना भटजी पोचला ना पाद्री. या दिवसांत ज्याची झोप उडाली त्या माणसाशी आपण, म्हणजे आपल्या साहित्यसंस्थांनी, काय बोलणे केले? आपण काव्यवाचन ठेवले. तो माणूस शेजाऱ्याच्या घरी तेर्साला बसला, किंवा वाटेवरच्या खुरसापाशी लदीन झाली तेव्हा शेवटपर्यंत थांबून पसाभर चणे घेऊन घरी आला, आणि त्याला त्या रात्री झोप लागली, तर त्याचा हिशेब मागण्यास आपण कोण?

गंमत अशी की, हाच माणूस शिरगावच्या लईराईच्या जत्रेला जातो आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला तेलही वाहतो, कारण ती लईराईची बहीण आहे असे त्याला आजीने सांगितलेले असते. मोरजीची मोरजाई हीही त्याच बहिणींतली. शिरगाव डिचोलीत आणि मोरजी पेडण्यात. म्हणजे ज्या दोन महालांत ख्रिस्ती सांत्वन परके म्हणून सांगितले जाते, त्यांच्याच देवतांनी एक बहीण इगर्जीत नांदायला पाठविली आहे. अर्थात या लोककथेचा आधार घेऊन 'सगळे धर्म एकच' असे गुळमुळीत बोलून मोकळे व्हावे असे मला सुचवावयाचे नाही. मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहणे आणि रमाबाईंनी ख्रिस्ताला शरण जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे आपण कौतुक करतो, कारण तिने आपले काही बिघडत नाही, दुसरीला भितो.

ही भीतीच धर्मांतरबंदीच्या मागण्यांतून बोलते. बळजबरी आणि फसवणूक यांना शासन व्हावे, याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. त्या मर्यादेतले कायदे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविले आहेत. पण संकटात सापडलेल्या माणसाचे सांत्वन हेच जर संशयित कृत्य ठरू लागले, तर पोलिस ठाण्यातला शिपाई भक्तिशास्त्राचा परीक्षक होईल, आणि आर्ताला आपली आर्तता खरी असल्याचा दाखला आणावा लागेल. तुकोबांना तो दाखला कोणत्या कचेरीतून मिळाला असता?

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा केवळ धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचे 'सुबोध बायबल' उघडून पाहिले होते, हे विचारण्यात अर्थ नाही. त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला होता, आणि त्याचा कर्ता वसईची हिरवाई राखण्यासाठी बिल्डर-गुंडांच्या दहशतीपुढे लोकांना घेऊन उभा राहिलेला होता. २०२४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा आपल्याकडे श्रद्धांजलीच्या ज्या चार ओळी लिहिल्या गेल्या असतील, त्यांत पुन्हा त्यांच्या मराठीचेच कौतुक असेल. स्टीफन्सच्या बाबतीत चारशे वर्षांपासून चालत आलेला प्रघात मोडण्याचे कारण काय?

तरी एक सूचना करून ठेवतो. चातुर्मासात आपल्या देवळांतून पुराणवाचन होते. आपल्या संस्थेनेही श्रावणात ग्रंथवाचनाचे चार दिवस ठेवावेत. त्यांत क्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागातील ख्रिस्ताच्या यातनांचे अवस्वर घ्यावेत, आणि टिळकांनी १९०९ साली आरंभ केलेले 'ख्रिस्तायन' घ्यावे, ज्याचे अकरा अध्याय लिहून ते १९१९ साली गेले, ज्याचे पुढचे चौसष्ट अध्याय शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि १९३६ साली त्या गेल्यावर शेवटचा अध्याय मुलाने लिहून १९३८ साली प्रसिद्ध केला. वाचन मोठ्याने व्हावे, अर्थ सांगितला जावा, आणि गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांना श्रोते म्हणून आमंत्रण जावे. भाषेच्या थोरवीच्या ओव्या मात्र त्या चार दिवसांत वगळाव्यात.